पिसातला रंग आणि बीजातला रंग

लखनौच्या जुन्या चौकात उन्हे कलू लागली की गच्च्यागच्च्यांवर माणसे उभी राहतात, लांब बांबू हलू लागतात, शिट्ट्या घुमतात आणि कबुतरांचे थवे आकाशात गोल फिरू लागतात. नवाबी गेली, नवाबांचे वाडे पडले. पण हा छंद त्या शहराने सोडलेला नाही. या छंदाविषयी अब्दुल हलीम शरर या उर्दू लेखकाने एक मोठी मौजेची हकीकत नोंदवून ठेवली आहे. जुन्या लखनौच्या जीवनाचे जे विस्तृत चित्र त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रेखाटले, त्यात कबुतरबाजीला स्वतंत्र स्थान आहे. शरर सांगतात की, लखनौत एक असा कसबी कारागीर होता की तो कबुतराला हवा तो रंग देत असे. मूळचे पीस उपटायचे आणि त्याच छिद्रात दुसऱ्या रंगाचे पीस अशा बेताने बसवायचे की ते तिथेच उगवले आहे असे वाटावे. अशी चित्रविचित्र कबुतरे रईस मंडळी चांगल्या किमतीला विकत घेत. पुढे पिसे झडण्याचा हंगाम येई, बसवलेली पिसे गळून पडत आणि नव्या पिसांबरोबर पक्ष्याचा मूळ रंग पुन्हा वर येई.

या हकीकतीत एक मोठा शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. पिसे गेली तरी मूळ रंग परत येतो, तर तो मूळ रंग राहतो कोठे? पिसात तर तो नाही. मग तो देहात कोठे लिहून ठेवलेला असतो, बापाकडून आणि आईकडून तो पिलाकडे कसा जातो, आणि कधीकधी एका पिढीत दिसेनासा होऊन पुढच्या पिढीत अचानक कसा प्रकट होतो? माणसाने पिंजऱ्यात वाढवलेल्या प्रत्येक प्राण्याच्या बाबतीत हा प्रश्न उभा राहतो. लखनौने तो कबुतरांच्या बाबतीत विचारला. अलीकडच्या काळात परदेशांत तोच प्रश्न सर्पांच्या बाबतीत विचारला गेला. आणि दोन्हीकडची उत्तरे इतकी जुळतात की, एक समजले म्हणजे दुसरे समजण्यास फारसा प्रयास पडत नाही.

कबुतरांचा शौक लखनौने काही नव्याने काढला नाही. अकबर बादशहाच्या पदरी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती आणि भिन्न जातींचा संकर करून त्याने त्यांत सुधारणा घडवून आणली, असे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवले आहे. १७७५ साली असफउद्दौला याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि दिल्लीचे अनेक शौक तिकडे वस्तीला गेले. उंच उडणारे गिरहबाज, थव्याने फिरणारे गोले, शेपटीचा पंखा पसरणारे लक्के, जमिनीवर लोळण घेणारे लोटन, अशा नाना जातींची तेथे जोपासना झाली. शेवटचा नवाब वाजिद अली शाह याचे राज्य १८५६ साली इंग्रजांनी खालसा केले. तो कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे जाऊन राहिला आणि १८८७ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच त्याने आपले छोटे लखनौ उभे केले. शरर यांच्या बालपणाचा बराच काळ त्याच मटियाबुर्जमध्ये गेला. ते सांगतात की, रेशमासारख्या पंखांच्या कबुतरांच्या एका जोडीसाठी राजाने वीस हजार रुपयांहून अधिक रक्कम मोजली होती.

त्याच मटियाबुर्जमध्ये राजाने आणखी एक अद्भुत गोष्ट करविली होती. एक खोल हौद, त्याच्या भिंती गुळगुळीत आणि आतल्या बाजूला कललेल्या, मधोमध एक कृत्रिम डोंगर, आणि त्या डोंगरावरून असंख्य सर्प सळसळत फिरत आहेत. हौदात बेडूक सोडलेले असत आणि सर्प त्यांची शिकार करीत. कलकत्त्याला येणारे युरोपियन लोकही हा सर्पांचा डोंगर पाहून चकित होत. एकाच राजाच्या बागेत कबुतरे आणि सर्प असे दोन्ही होते. परंतु कबुतरांत रंगाची निवड झाली, सर्पांत झाली नाही. याचे कारण रसिकतेत नाही. ते प्राण्यांच्या जीवनक्रमात आहे.

कबुतर हा जोडीने राहणारा पक्षी. मादी बहुधा दोन अंडी घालते, नर आणि मादी आळीपाळीने उबवतात आणि सुमारे अठरा दिवसांत पिले बाहेर येतात. महिन्याभरात पिलू उडू लागते आणि सहा महिन्यांच्या आसपास स्वतः जोडी धरण्याजोगे होते. म्हणजे कोणता नर, कोणती मादी आणि कोणते पिलू हे पाळणाऱ्याला बिनचूक ठाऊक असते आणि एका आयुष्यात तो पिढ्यांमागून पिढ्या पाहू शकतो. त्या जुन्या उस्तादांनी वंशशास्त्राचा एक शब्दही ऐकला नव्हता. तरी कोणत्या जोडीतून काय निघेल, याचे अंदाज त्यांच्या जिभेवर असत.

या अंदाजांच्या मुळाशी काय आहे, याचा शोध ज्यांनी घेतला त्यांत चार्ल्स डार्विनचे नाव अग्रभागी आहे. हा गंभीर शास्त्रज्ञ लंडनच्या कबुतर पाळणाऱ्या मंडळांचा सभासद झाला होता. १८५९ सालच्या आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथात त्याने आपला एक प्रयोग सांगितला आहे. शुभ्र पांढरे लक्के आणि काळी, आखूड चोचीची बार्ब जातीची कबुतरे यांचा त्याने संकर केला. पिले निघाली ती तपकिरी-काळी, ठिपकेदार. या पिलांचा त्याने पुन्हा आपसांत संकर केला, आणि पांढऱ्या व काळ्या आजी-आजोबांच्या पोटी एक नातवंड असे निपजले की त्याचा रंग सुंदर निळसर राखी, पाठीचा मागला भाग पांढरा आणि पंखांवर दोन काळे पट्टे! हा तर रानातला पारवा. आपल्या मराठीने ज्या रंगाला पारवा असेच नाव दिले आहे, तोच रंग शतकानुशतके पिंजऱ्यात राहिलेल्या वंशातून अकस्मात वर आला.

हे का घडले, हे डार्विनला सांगता आले नाही. उत्तर त्याच्या हयातीतच, १८६६ साली, ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने वाटाण्याच्या झाडांवरून प्रसिद्ध केले होते. पण त्याकडे जगाचे लक्ष गेले १९०० साली. मेंडेलचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक गुणाविषयी जीवाजवळ दोन आज्ञा असतात, एक बापाकडून आलेली, एक आईकडून आलेली. दोन्ही सारख्या असतील तर प्रश्नच नाही. भिन्न असतील तर त्यांतली एक बोलते आणि दुसरी गप्प राहते. बोलणारी ती प्रभावी, गप्प राहणारी ती सुप्त. परंतु गप्प राहणारी आज्ञा मरत नाही. ती जशीच्या तशी पुढच्या पिढीकडे जाते, आणि दोन गप्प आज्ञा एकत्र आल्या की प्रकट होते. या आज्ञांनाच आज जनुके म्हणतात.

डार्विनच्या कबुतरांचे कोडे आता उलगडते. कबुतराचा पूर्ण पांढरेपणा हा पुष्कळदा निराळा रंग नसून झाकण असते. त्याच्याखाली इतर रंगांच्या आज्ञा शाबूत असतात. पूर्ण काळेपणा हेही एक झाकणच. तो सर्वांगावर पसरून पंखांवरची नक्षी दिसू देत नाही. नातवंडांत आज्ञांची नवी वाटणी झाली, एकाच्या वाट्याला दोन्ही झाकणे आली नाहीत आणि खालचा पारवा उघडा पडला.

कबुतरांच्या रंगात आणखी एक खुबी आहे. त्यांचे तीन मूळ रंग, राखी-तांबडा, पारवा आणि तपकिरी, हे ज्या जनुकावर अवलंबून आहेत ते लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते. पक्ष्यांत नराजवळ अशी दोन गुणसूत्रे असतात आणि मादीजवळ एकच. म्हणून मुलीला हा रंग केवळ बापाकडून मिळतो. आईचा वाटा फक्त मुलांकडे जातो. पारवा नर आणि राखी-तांबडी मादी यांची जोडी लावली तर सगळे मुलगे राखी-तांबडे निघतात आणि सगळ्या मुली पारव्या. मुलगे आईच्या रंगावर, मुली बापाच्या रंगावर! कबुतराच्या पिलात नर कोणता आणि मादी कोणती हे एरवी ओळखणे अत्यंत अवघड. या जोडीत ते नुसत्या रंगावरून कळते. हा नियम वंशशास्त्राच्या पुस्तकातला आहे खरा. पण अंगणातल्या खुराड्यातही तो पडताळून पाहता येतो.

इ. स. २०१४ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी कबुतरांच्या या मूळ रंगांमागची तीन जनुके निश्चित केली. २०१८ मध्ये पंखांवरच्या नक्षीचेही जनुक सापडले. एकाच जनुकाची निरनिराळी रूपे कोणाला दोन पट्टे देतात, कोणाला चौकड्या देतात, तर कोणाचे पंख अगदी कोरे ठेवतात. चौकड्यांची नक्षी तर फार पूर्वी आफ्रिकेतील एका वेगळ्या जातीच्या ठिपकेदार पारव्याशी झालेल्या संकरातून आली असावी, असेही त्यातून दिसून आले.

आता पुन्हा राजाच्या सर्पांकडे वळले पाहिजे. पक्ष्याचा रंग बव्हंशी एकाच रंगद्रव्याच्या काळ्या आणि तांबूस अशा दोन रूपांवर खेळतो. सर्पाची कातडी अधिक गुंतागुंतीची असते. तिच्यात काळे रंगद्रव्य बाळगणाऱ्या पेशी निराळ्या, पिवळे-तांबडे बाळगणाऱ्या निराळ्या आणि प्रकाश परावर्तित करून चमक देणाऱ्या निराळ्या. म्हणून सर्पातले काळे द्रव्य नाहीसे झाले तर तो पांढरा होतोच असे नाही. खाली दडलेला केशरी-तांबडा उजळून निघतो.

अशा सर्पाची पहिली पद्धतशीर वंशपरीक्षा अमेरिकेत झाली. तेथे मका-साप या नावाचा एक बिनविषारी, तांबूस ठिपक्यांचा साप आढळतो. १९५३ साली काळे द्रव्य नसलेला असा एक रानटी नर हाती लागला. बेक्टेल नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने त्याला नेहमीच्या रंगाची मादी दिली. पिले निघाली ती सगळी नेहमीच्या रंगाची. बापाचा रंग नष्ट झाला असे कोणालाही वाटले असते. परंतु या भावंडांची आपसांत जोडी लावल्यावर १९६१ साली त्यांच्या अंड्यांतून लाल डोळ्यांची, केशरी रंगाची पिले बाहेर पडली. मेंडेलचा वाटाणा आणि बेक्टेलचा साप एकाच नियमाने चालत होते. कबुतरात जे दीड वर्षात दिसते, त्यासाठी सापाच्या बाबतीत पाच-सहा वर्षे धीर धरावा लागतो, एवढाच काय तो फरक. लखनौच्या उस्तादांनी सर्पांकडे लक्ष दिले नाही, त्याचे एक कारण हेच.

पुढे काळे द्रव्य नसलेला साप आणि तांबडे द्रव्य नसलेला साप यांची जोडी लावण्यात आली. पहिल्या पिढीत सारे नेहमीचेच. दुसऱ्या पिढीत सरासरीने सोळा पिलांत नऊ नेहमीची, तीन काळ्याविना, तीन तांबड्याविना आणि एक दोन्हींविना, गुलाबी छटेचे पांढरेशुभ्र. हा हिशेब बाजाराने अचूक हेरला. आफ्रिकेतला लहानसा बॉल पायथन नावाचा अजगर आज युरोप-अमेरिकेत असंख्य रंगांत आणि नक्ष्यांत पैदा केला जातो. प्रत्येक नव्या नक्षीला नवे नाव मिळते आणि नव्या नावाला नवी किंमत.

येथे लखनौचा तो पिसे बसवणारा कारागीर पुन्हा आठवतो. दोन वाहक सर्पांची जोडी लावली तर चार पिलांत सरासरी एक रंगहीन निघते आणि तीन नेहमीच्या रंगाची. या तिघांपैकी दोघांच्या पोटात तो सुप्त गुण असतो, एकाच्या नसतो; पण दिसायला तिघेही सारखे. विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज खरेदी करणाऱ्याजवळ दुसरा पुरावा नसे. आता मात्र पुरावा मिळू लागला आहे. मका-सापातला काळ्याचा अभाव ज्या जनुकातील बिघाडाने येतो, ते जनुक २०१५ साली ओळखले गेले. त्याच जनुकातील दोषाने माणसांतही एका प्रकारचा रंगहीनपणा येतो. २०२२ साली अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या अध्यापकांनी लोकांनी पाठविलेल्या कातींवरून बॉल पायथनच्या रंगांची जनुके शोधून काढली. सापाने टाकून दिलेली कात! लखनौत पिसे गळली म्हणजे लबाडी उघडी पडे. येथे कात गळली म्हणजे पोटातले गुपित उघडे पडते.

परंतु याहूनही मोठे एक गुपित आहे, आणि ते पैशांचे नाही. रंगाचे जनुक केवळ रंगाचेच काम करते असे नाही. शरीराची घडण होत असताना रंगपेशींचे आणि मज्जासंस्थेचे उगमस्थान फार जवळचे असते. डोळ्यांतही रंगद्रव्य लागते. म्हणून रंगासाठी एक दोरा ओढला की भलतीकडचीही वीण उसवू शकते. बॉल पायथनमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक नक्षी असलेला एक प्रकार आहे. ही नक्षी प्रभावी आहे. एकाच पालकाकडून आली तरी दिसते. म्हणून तिचा प्रसार झपाट्याने झाला. पण त्या सापांचे डोके डुलत राहते, भक्ष्यावर नेम धरताना ते चुकतात, काही वेळा उलटे पडले तर त्यांना सावरता येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत अशा सापांच्या अंतर्कर्णातील, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या इंद्रियातील, घडणच बिघडलेली दिसून आली. नक्षी आणि तोल गेलेले डोके या दोन गोष्टी वेगळ्या करणे पैदास करणाऱ्यांना साधलेले नाही.

कबुतरेही यातून सुटलेली नाहीत. ज्यांचे पंख कोरे असतात, पट्टा नसतो, त्यांची दृष्टी अधू असल्याची नोंद जुन्या कबुतरबाजांनीच करून ठेवली होती. नक्षीचे जनुक सापडले तेव्हा असे दिसले की, माणसांत याच जनुकाच्या बिघाडाने अंधत्व येते. पाश्चात्त्य देशांत फार नावाजलेला बदामी रंग ज्या नराला दोन्ही पालकांकडून मिळतो, त्याच्या डोळ्यांत गंभीर दोष उत्पन्न होतो. म्हणून जाणते पाळणारे दोन बदामी कबुतरांची जोडी कधीच लावीत नाहीत. कारण न कळताही त्यांनी नियम ओळखला, आणि सौंदर्याच्या मोहापेक्षा तो नियम मोठा मानला. शौकीन आणि उस्ताद यांतला फरक तो हाच.

आपल्याकडे सर्पांची अशी पैदास घरोघर होत नाही आणि होऊही नये. नाग, धामण, अजगर इत्यादी देशी सर्पांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. ते पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. २०२२ मध्ये या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी करणेही बंधनकारक झाले आहे. महाराष्ट्रात अधूनमधून एखाद्या गावी पांढरा नाग निघाल्याची वार्ता येते. कोणी त्याला धनावरचा राखणदार म्हणतात, कोणी दैवी अवतार म्हणून हळदकुंकू वाहतात. वस्तुतः तो त्याच रानातल्या दोन साध्या नागांचे अपत्य असतो. दोघांच्याही पोटात एक सुप्त आज्ञा होती, आणि योगायोगाने त्या दोन्ही त्याच्या वाट्याला आल्या. रानात असा रंग लपण्याच्या कामी येत नाही, घारीच्या नजरेत तो चटकन भरतो. म्हणून तो दुर्मिळच राहतो. निसर्गही निवड करतो, पण तो केवळ रंग पाहत नाही; तो संपूर्ण प्राणी पाहतो.

लखनौच्या प्राणिसंग्रहालयाची स्थापना १९२१ साली झाली. २०१५ सालापासून ते नवाब वाजिद अली शाह याच्या नावाने ओळखले जाते. कबुतरांवर आणि सर्पांवर सारख्याच हौसेने पैसा उधळणाऱ्या राजाचे हे स्मारक औचित्यपूर्णच आहे. त्या राजाच्या काळी रंग कोठून येतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. अज्ञानात केलेली चूक क्षम्य ठरते. आज ते ठाऊक आहे, म्हणून जबाबदारीही वाढली आहे. उसनी पिसे बसवणाऱ्या कारागिराने गिऱ्हाइकाला फसवले खरे, पण त्याची लबाडी एका हंगामापुरती होती. पिसे झडली आणि पक्षी पुन्हा आपल्या मूळ रंगात आला. बीजात केलेली निवड मात्र हंगामाबरोबर झडत नाही. ती पिलांकडे जाते, पिलांच्या पिलांकडे जाते. आणि तिची किंमत हौस करणारा मोजत नाही, ती मोजावी लागते त्या मुक्या जीवाला.